कामावरून काढलं तर केस करायची का? कोर्ट फी किरकोळ, महाग पडतात ती वर्षं

हिंगोली : "उद्यापासून येऊ नको." कामावरून काढण्याचा आदेश आपल्याकडे पुष्कळदा एवढाच असतो. त्यावर तारीख नसते, कारण नसतं, कागदच नसतो. जिनिंगवरचा हेल्पर, पेट्रोल पंपावरचा पोरगा, पतसंस्थेतला क्लार्क, एजन्सीमार्फत दवाखान्यात सफाई करणारी बाई, संस्थेच्या शाळेतला शिक्षक, शब्द थोडेफार बदलतात इतकंच. मग घरात आणि पारावर चर्चा सुरू होते की केस करायची का. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, खर्च किती येईल?

कोर्ट फीचं म्हणाल तर तिची भीती बाळगण्याचं कारण नाही. जमिनीच्या किंवा पैशाच्या दाव्यात रकमेवर मोजून फी भरावी लागते, तशी फी कामावरून काढल्याच्या तक्रारीला लागत नाही. वकिलाचा खर्चही टाळता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांच्यासोबत औद्योगिक कामगाराचंही नाव आहे आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट पुष्कळ कामगारांना माहीतच नसते.

तरीही लोक केस अर्ध्यात सोडतात किंवा करतच नाहीत. त्यांचे पैसे कुठं जातात हे समजून घ्यायला मराठवाड्यातलंच एक प्रकरण बघावं लागेल.

पंचवीस मेमो आणि पावणेसात वर्षं

औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका खासगी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचं हे प्रकरण. २००५ मध्ये महापालिकेनं शाळेच्या जागेला व्यावसायिक धरून ७९ हजार ९७४ रुपयांचं कराचं बिल पाठवलं. संस्थेनं हा बोजा कर्मचाऱ्यांवर टाकला. प्रत्येकानं महिन्याला दीड हजार रुपये द्यावेत, असं पत्र निघालं. या शिक्षिकेनं नकार दिला.

मग मेमो सुरू झाले. एक नाही, दोन नाही, पंचवीस. तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं. नोव्हेंबर २००६ मध्ये तिला निलंबित केलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी संस्थेनं एकतर्फी चौकशी करून जून २००७ मध्ये तिला नोकरीवरून काढलं.

शाळा न्यायाधिकरणानं जून २००९ मध्ये निकाल दिला की काढणं बेकायदा आहे, तिला परत घ्या आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार द्या. म्हणजे पहिली लढाई दोन वर्षांत जिंकली. पण संस्था उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयानं काढणं बेकायदा होतं हे मान्य केलं, मात्र मागचा पगार रद्द केला. नोकरी घ्या, पण गेलेली वर्षं विसरा, असा त्याचा अर्थ. त्या पगारासाठी तिला दिल्ली गाठावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १२ ऑगस्ट २०१३ रोजी आला. न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. व्ही. गोपाल गौडा यांनी पूर्ण मागचा पगार परत मंजूर केला. चार महिन्यांत रक्कम दिली नाही तर निलंबनाच्या दिवसापासून ९ टक्के व्याज द्यावं लागेल, असंही बजावलं. निलंबन ते हा निकाल, पावणेसात वर्षं झाली. 'दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय' या नावानं हा निकाल आज देशभरातल्या कामगार न्यायालयांत दाखवला जातो. वकिलाला एवढं नाव सांगितलं तरी त्याला कळतं.

या निकालात कोर्टानं बेकायदा बडतर्फीची झळ कुठंपर्यंत जाते ते मांडलंय. एकट्या कर्मचाऱ्याचं नुकसान होत नाही, सगळं घर भोगतं. पोरांचं खाणं आणि शिक्षण तुटतं, नातेवाइकांकडून उसनं घ्यावं लागतं. मालकाला चांगल्यातला चांगला वकील लावून केस लांबवणं परवडतं, कामगाराला परवडत नाही. आणि कोर्टात वेळ लागला तर बहुतेक वेळा तो दोष कामगाराचा नसतो, मग त्याचा पगार कापून शिक्षा त्यालाच का, असा कोर्टाचा रोख आहे.

तारखांचा हिशोब आणि उसनवारीचा हिशोब

आता हेच आपल्या तालुक्यात आणून बघू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, प्रत्येकानं आपले घालून बघावेत.

समजा सेनगाव तालुक्यातल्या एका कामगाराला महिन्याला १२ हजार पगार होता. त्याला काढलं आणि केस पाच वर्षं चालली. दीड महिन्याला एक तारीख धरली तर चाळीस तारखा होतात. कामगार न्यायालय काही गावाशेजारी नसतं. एसटीचं तिकीट, चहा-नाश्ता, झेरॉक्स मिळून सहाशे रुपये आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी पाचशे. चाळीस तारखांचे ४४ हजार झाले. न्यायाधीश रजेवर, समोरचा वकील आला नाही, पुढची तारीख, अशा दिवसांचाही खर्च तेवढाच.

पण घर मोडतं ते या ४४ हजारांनी नाही. पगार बंद झाल्यावर पहिल्या वर्षात घरात लाखभर रुपये उसने आले, शेकडा तीन रुपयानं, असं धरा. व्याज महिन्याला तीन हजार. मुद्दल तसंच राहिलं तर पाच वर्षांचं नुसतं व्याज १ लाख ८० हजार होतं. तारखांच्या खर्चाच्या चौपट. केस जिंकून मागचा पगार मिळाला तरी सावकाराचं व्याज त्यात धरलेलं नसतं.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की अंतर वाढतं. हिंगोली जिल्ह्यासाठी खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, दोनशे किलोमीटरच्या पुढं. तिथं दर तारखेला जायची गरज नसते, पण वकिलाला भेटायचं, सह्या करायच्या म्हटलं की दिवस जातोच.

मालकाच्या बाजूनं तोच काळ उलटा चालतो. केस लांबली की कामगार थकेल, दुसरीकडं चिकटेल किंवा "काहीतरी देऊन मिटवून घ्या" म्हणत स्वतःच येईल, हे अनुभवी मालकाला ठाऊक असतं. बरेचसे समझोते याच थकव्यातून होतात.

ब्रिटनमध्ये फी लावली तेव्हा

कामगाराच्या खिशाला हात घातला की काय होतं, याचा एक सरळ पुरावा ब्रिटनमध्ये मिळाला. तिथं नोकरीच्या तक्रारींसाठी वेगळी न्यायाधिकरणं आहेत आणि तिथं दाद मागायला पैसे लागत नसत. जुलै २०१३ मध्ये सरकारनं फी लावली. अन्यायानं काढल्याच्या तक्रारीला अर्ज आणि सुनावणी मिळून १२०० पौंड. तक्रारी सुमारे दोन-तृतीयांशांनी घसरल्या. मालक काही एकाएकी सुधारले नव्हते, लोकांनी येणंच सोडलं होतं. शेवटी 'युनिसन' या कामगार संघटनेनं लढा दिला आणि २६ जुलै २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही फी बेकायदा ठरवली.

तिथली फी पावतीवर लिहिलेली होती, म्हणून तिच्याविरुद्ध कोर्टात जाता आलं. आपल्याकडचे तारखांचे ४४ हजार आणि व्याजाचे १ लाख ८० हजार कुठल्याच पावतीवर नसतात.

चुकीच्या दारात गेलेली वर्षं

वेळ वाया जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज. गोव्यातल्या एका शिक्षिकेला १९७५ मध्ये शाळेनं काढलं. तिनं कामगार कायद्याखाली दाद मागितली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षक औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसत नाही. तेरा वर्षं गेल्यावर कळलं की दार दुसरं होतं.

महाराष्ट्रात खासगी शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील करावं लागतं. मुदत फक्त ३० दिवसांची, आदेश मिळाल्यापासून. "अध्यक्ष साहेब घेतील परत, जरा थांबू" म्हणत दोन-तीन महिने घालवणाऱ्या शिक्षकांचं खरं नुकसान इथंच होतं. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी कारण पटवावं लागतं, म्हणजे मूळ केसच्या आधीच एक केस.

कारखाना, जिनिंग, दुकान, दवाखाना, एजन्सी इथल्या कामगारांची वाट वेगळी. पहिला अर्ज कामगार विभागाच्या समेट अधिकाऱ्याकडं करायचा. तिथं तोडगा निघाला नाही तर अर्जापासून ४५ दिवसांनी कामगार स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो, सरकारच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. जुन्या १९४७ च्या कायद्यात काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत दोन वर्षांवर आली. गावाकडं अजून "तीन वर्षं आहेत की" असं सांगणारे भेटतील, त्यांच्यावर विसंबू नये. याशिवाय महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्यात तक्रारीची मुदत ९० दिवसांची. म्हणून कुठलाही मार्ग घ्यायचा असला तरी पहिल्या महिन्यातच हिंगोलीच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जाऊन विचारून घेणं शहाणपणाचं.

कारखान्याच्या हंगामी कामगारांनी एक फरक ध्यानात ठेवावा. गाळप संपलं म्हणून सगळ्यांचं काम थांबणं आणि पुढच्या हंगामात आपल्याला एकट्याला न बोलावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार दुसऱ्या गोष्टीची होते.

जिंकलं तरी नोकरी मिळेलच असं नाही

हे कडू आहे, पण केस करण्याआधी माहीत हवं. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हे न देता काढलं तर काढणं बेकायदा ठरतं. पण रोजंदारीवरच्या माणसाला अशा वेळी कोर्ट परत कामावर पाठवेलच असं नाही.

हरियाणातल्या बाजार समिती मंडळाच्या एका रोजंदारी कामगाराचं उदाहरण आहे. जगबीर सिंग या नावानं तो निकाल ओळखला जातो. सप्टेंबर १९९५ ते जुलै १९९६, एवढंच त्याचं काम. २४० दिवस भरले होते आणि नियम मोडून काढलं होतं, हेही सिद्ध झालं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीऐवजी ५० हजार रुपये भरपाई दिली. तेरा वर्षांनी पन्नास हजार. वर दिलेल्या हिशोबात नुसत्या तारखांचाच खर्च ४४ हजार होता.

म्हणून वर्ष-दीड वर्ष रोजंदारी केलेल्यानं आणि दहा-पंधरा वर्षं कायम पदावर असलेल्यानं एकाच मापानं विचार करू नये. कमी काळ काम केलेल्याला समेट अधिकाऱ्यापुढंच रक्कम ठरवून मिटवणं पुष्कळदा परवडतं. कायम पदावरच्याचं तसं नाही. त्याची पेन्शन, ग्रॅच्युइटी, सेवेची वर्षं सगळं पणाला लागलेलं असतं. तिथं घाईत सही करणं महागात पडतं.

एकट्याची केस आणि हजारोंची केस

एसटीच्या संपाची आठवण अजून ताजी आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप नोव्हेंबरात राज्यभर पसरला. हिंगोली, वसमत, कळमनुरी आगारांतल्या गाड्या थांबल्या, तेव्हा तालुक्याला जायला लोकांनी काळी-पिवळीला किती मोजले ते प्रवाशांना सांगायला नको. महामंडळानं राज्यात हजारो कर्मचाऱ्यांना निलंबित केलं, हजारोंना बडतर्फ केलं. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांनी २२ एप्रिलपर्यंत कामावर यावं आणि महामंडळानं त्यांना नोकरीवरून काढू नये, असं सांगितलं. बडतर्फ झालेल्यांनाही त्यानंतर परत घेण्यात आलं.

मधल्या महिन्यांचा पगार गेला, तो भार प्रत्येक घरानं सोसलाच. पण ज्या प्रश्नाला एकट्या माणसाला सात-आठ वर्षं लागतात, तो हजारो जण एकत्र असल्यानं काही महिन्यांत सुटला. संप योग्य होता की नाही यावर मतं काहीही असोत, पाच जणांना एकदम काढलं असेल तर पाचांनी मिळून एकच वकील, एकच गाडी आणि कागदांचा एकच गठ्ठा करावा, इतकं तर त्यातून घेता येतं. कामगार न्यायालयात संघटनेचा पदाधिकारीही कामगाराची बाजू मांडू शकतो. समोरच्याला मात्र वकील उभा करायचा तर कामगाराची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात. कामगार गप्प बसला की संमती धरली जाते, म्हणून हे पहिल्याच तारखेला विचारावं.

"सध्या काय करता?"

मागच्या पगाराच्या लढाईत सगळ्यात अवघड प्रश्न हा असतो. कामावरून काढलेला माणूस घरी बसून राहत नाही, राहू शकत नाही. तो सोयाबीन काढायला जातो, हळद शिजवायला जातो, रिक्षा चालवतो. मग उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, सध्या काय करता? कामगार घाबरून "काही नाही" म्हणतो, समोरून फोटो किंवा साक्षीदार येतो आणि सगळ्या केसवरचा विश्वास उडतो.

घाबरण्याचं कारण नाही. सुरवसे निकालात हा नियम स्पष्ट आहे. कामगारानं सुरुवातीलाच, अर्जात किंवा शपथपत्रात, सांगायचं की आपल्याला दुसरी नोकरी नव्हती किंवा होती ती आधीपेक्षा कमी पैशाची होती. एकदा हे सांगितलं की तो चांगला कमावत होता हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर येतं. त्या शिक्षिकेनं हे सांगितलं होतं, संस्थेनं ते खोडलं नव्हतं, तेच शेवटी कामाला आलं. मजुरी केली तर मजुरी केली असंच लिहावं, दिवस आणि पैसे वहीत टिपून ठेवावेत. लपवलेली मजुरी जेवढी घात करते तेवढी सांगितलेली करत नाही. आपली दोन-तीन एकर कोरडवाहू असेल तर तीही सांगावी. सातबारा काही लपत नाही.

आणखी एक तरतूद कमी वापरली जाते. खालच्या न्यायालयानं कामगाराला परत घ्यायचा आदेश दिला आणि मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तिथं केस चालेपर्यंत कामगाराला शेवटचा जो पगार होता तो दर महिन्याला मागता येतो. जुन्या कायद्यात हे कलम १७ ब होतं, नव्या संहितेतही ही तरतूद आहे. अट एकच, दुसरीकडं नोकरी नसल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. मालकाला केस लांबवायची तर या काळात ती त्याच्याही खिशातून लांबते.

पहिल्या आठवड्यातले कागद

तोंडी काढलं असेल तर दुसऱ्याच दिवशी कामावर हजर व्हावं. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी "मी हजर झालो, मला काम दिलं नाही" असं साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टानं पाठवावं आणि पावती जपावी. नाहीतर पुढं मालक म्हणतो, आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला. या एका वाक्यावर कित्येक केसेस अडकतात.

नेमणूकपत्र नसलं तरी पुरावा असतो. बँकेत जमा झालेला पगार, पीएफचं पासबुक, हजेरी कार्ड, गेटपास, ड्युटीचे व्हॉट्सअॅप मेसेज. मोबाईल बदलताना हे मेसेज जातात, म्हणून स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवून ठेवावेत. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा "सर्व हिशोब मिळाला, काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नये. नव्या वेतन संहितेप्रमाणं काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत राहिलेला पगार द्यावा लागतो, तो मिळवायला राजीनामा देण्याची गरज नाही.

मोफत वकिलासाठी तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडं साधा अर्ज करता येतो. ओळखपत्र आणि कामगार असल्याचा एखादा कागद सोबत न्यावा. वरच्या यादीत न बसणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांच्या आत उत्पन्न असेल तरी ही सेवा मिळते. केस खंडपीठात गेली तर तिथंही विधी सेवा उपसमिती आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. तारखेला जाणाऱ्या महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.